‘काबर’ला गोल नाही

५ मे २०२४, रविवार. सायंकाळचे साडेपाच वाजून गेले आहेत, तरी जळगावचे ऊन अजून कलायला तयार नाही. एका परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाच्या तुटपुंज्या सावलीत, सकाळपासून पालक उभे आहेत. कोणी चोपड्याहून आले आहे, कोणी यावल-रावेरहून, कोणी पारोळ्याहून पहिली एस.टी. धरून. हातांत पाण्याच्या बाटल्या, पिशवीत केळी, आणि मुलांनी दुपारी बाहेर ठेवून दिलेले बूट, घड्याळे, दोरे-ताईत. फाटक उघडते आणि मुले बाहेर येतात. वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर एकाच दिवशी होणारी ‘नीट’ संपलेली असते. मुले आई-वडिलांकडे येत नाहीत, पाण्याकडेही पाहत नाहीत. आधी एकमेकांकडे वळतात.

‘तुन्हं काय उनं?’

या तीन शब्दांनी सुरू होणाऱ्या त्या अर्ध्या तासाविषयी आम्हांला काही सांगायचे आहे. आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक आहोत, एक जळगावला, दुसरा धुळ्याला. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राच्या परीक्षेशी मराठीच्या मास्तरांचा काय संबंध, असे वाचक विचारतील, आणि त्यांचे विचारणे रास्तच आहे. विज्ञान शाखेच्या मुलांशी आमचा संबंध दिवसेंदिवस कमीच होत चालला आहे. बारावी विज्ञानाला मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेता येते, आणि गुणांचा हिशेब करणारी बहुतेक मुले ते घेतात. आमच्या वाट्याला ती मुले येतात ती परीक्षेच्या दालनात, आम्ही पर्यवेक्षक असताना. म्हणजे आम्ही त्यांना पाहतो ते तीन तास गप्प बसलेले आणि फाटकाबाहेर एकदम बोलू लागलेले. मौन आणि बोलणे हा भाषेच्या शिक्षकाचाच प्रांत आहे, एवढ्या अधिकारावर हे लिहीत आहोत.

प्रारंभीच एक कबुली द्यायला हवी. बोर्डाच्या परीक्षेत पेपर सुटल्यावर व्हरांड्यात घोळके जमतात, तेव्हा ‘चला, चला, घरी व्हा, झाला तो पेपर गेला, उद्याचा पाहा,’ असे म्हणत त्यांना पांगवण्याचे काम आम्ही गेली वीस वर्षे इमानेइतबारे केले आहे. हा उपदेश प्रत्येक घरात आणि प्रत्येक शाळेत दिला जातो, आणि तो सद्हेतूनेच दिला जातो. ताडून पाहिले की चूक कळते, चूक कळली की मन खचते, मन खचले की पुढचा पेपर बिघडतो. हे खरेच आहे. एका प्रश्नाचे उत्तर चुकल्याचे कळल्यावर जिन्यातच बसून राहिलेली मुले आम्ही पाहिली आहेत. परंतु त्या ५ मेच्या संध्याकाळी जे घडले, आणि त्याचा जो शेवट पुढे जुलैत झाला, त्यानंतर आमचा या उपदेशावरील विश्वास डळमळला आहे.

आमच्यापैकी जळगावकर त्या दिवशी भाचीला घेऊन केंद्रावर गेला होता. भाची बाहेर आली आणि मैत्रिणींच्या घोळक्यात शिरली. नीटच्या प्रश्नपुस्तिकांचे संकेत निरनिराळे असतात, शेजारी बसलेल्या दोघांच्या पुस्तिकांत तोच प्रश्न वेगवेगळ्या क्रमांकावर येतो. कॉपी होऊ नये म्हणून केलेली ही योजना. तिचा एक परिणाम मात्र योजणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल. ‘एक्केचाळिसाव्याला काय लिहिलेस?’ असे मुलांना विचारताच येत नाही. आधी प्रश्न सांगावा लागतो, तोही आपल्या शब्दांत. ‘तो अणूवाला, दोन विधानांचा,’ अशी सुरुवात करून प्रश्न पुन्हा उभा करावा लागतो. वर्षभर जो विषय इंग्रजीत घोकला, तो मुले प्रथमच आपल्या भाषेत सांगत असतात. असा तो अणूवाला प्रश्न निघाला.

‘दोन्ही बरोबर.’
‘मन्हं दुसरं चूक.’
‘काबर?’
‘युरेनियम ते फुटस ना!’

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर ‘काबर’ म्हणजे ‘का’. प्रमाण मराठीतला ‘का’ एकाक्षरी आहे, वाक्याच्या शेवटी तो सहज गिळला जातो. ‘काबर’ तसा गिळता येत नाही. तो समोरच्याला थांबवतो. भाची थांबली होती. तिच्या चेहऱ्यावर वाद घालण्याची तयारी दिसत होती. तेवढ्यात मामाने आपले कर्तव्य बजावले. ‘चल, गाडीत बस. झाले ते झाले.’ वाद तिथेच राहिला.

आता तो प्रश्न पाहू, कारण पुढे तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यात दोन विधाने होती. पहिल्याचा आशय असा, की अणूमध्ये धन व ऋण प्रभार समसमान असल्याने तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. याबद्दल वाद नाही. दुसऱ्याचा आशय असा, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात. वाद ‘प्रत्येक’ या शब्दाचा होता. युरेनियम, रेडियम यांसारख्या मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, ते आपोआप फुटत राहतात, हे बेकरेल आणि क्युरी दांपत्य यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, ठाऊक आहे. तेव्हा ‘प्रत्येक’ म्हणणे चूक. परंतु एनसीईआरटीच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या जुन्या आवृत्तीत ‘प्रत्येक’ असाच अर्थ देणारा शब्द होता. नव्या आवृत्तीत त्या जागी ‘बहुतेक’ या अर्थाचा शब्द आला. ज्याने जुने पुस्तक वाचले त्याच्या लेखी दोन्ही विधाने बरोबर, ज्याने नवे वाचले त्याच्या लेखी दुसरे चूक.

परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय चाचणी संस्थेने आधी एकच उत्तर ग्राह्य धरले होते. जुन्या पुस्तकाचा दाखला देणाऱ्या हरकती आल्यावर दोन्ही उत्तरांना गुण दिले. ४ जून २०२४ रोजी निकाल लागला तेव्हा ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे ६७ जण निघाले. त्यांतील ४४ जणांचे पूर्ण गुण या एका प्रश्नावर उभे होते. प्रकरण न्यायालयात गेले. पेपरफुटी, वाढीव गुण असे इतर गंभीर मुद्दे होतेच, पण २२ जुलैला न्यायालयाने या प्रश्नापुरते आयआयटी दिल्लीच्या संचालकांना तीन तज्ज्ञांकडून मत मागवायला सांगितले. दुसऱ्याच दिवशी मत आले, की उत्तर एकच बरोबर, दुसरे विधान चूक. जुन्या पुस्तकाप्रमाणे उत्तर दिलेल्या चार लाखांहून अधिक मुलांचे प्रत्येकी पाच गुण गेले, चार मिळालेले आणि एक ऋण गुणांचा. २६ जुलैला सुधारित निकाल लागला, आणि त्यात पैकीच्या पैकी गुणांचे मानकरी १७ उरले.

त्या चार लाखांत आमची भाची होती. तिचे पुस्तक तिच्या आतेभावाचे होते. आतेभावाने ते आणखी कोणाकडून तरी घेतलेले होते. आमच्याकडे पुस्तके अशीच फिरतात, भावाकडून बहिणीकडे, शेजारून शेजारी, जूनमध्ये अर्ध्या किमतीत. समासात तीन निरनिराळ्या शायांनी केलेल्या खुणा असतात, आणि त्या खुणांमुळेच ते पुस्तक नव्यापेक्षा मोलाचे वाटते. नवी आवृत्ती वापरावी हा न्यायालयाने मानलेला नियम योग्यच आहे. पण जुनी आवृत्ती कोणाच्या घरी असते, हेही कोणी तरी नमूद करून ठेवावे म्हणून लिहिले. असो.

आम्हांला सलते ते पाच गुण नव्हेत. ‘प्रत्येक’ हा शब्द का चुकला, हे त्या मुलीला कळायला ५ मेपासून २३ जुलैपर्यंत वाट पाहावी लागली आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालय लागले, हे सलते. कारण ते त्याच संध्याकाळी, फाटकापासून दहा पावलांवर, पारोळ्याकडच्या एका मुलीने चार शब्दांत सांगितले होते. मामाने गाडी सुरू केली नसती, तर पुढचे दहा मिनिटांचे भांडण तिला त्या वर्षीचा सर्वोत्तम तास ठरले असते. गुण त्याने बदलले नसते. पण जुलैत तिने तो निर्णय शिक्षा म्हणून ऐकला, तो तिने उत्तर म्हणून ऐकला असता.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती ध्यानात आली तेव्हा आमच्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. जुन्या पुस्तकातला तो शब्द निव्वळ चूक होता काय? आम्ही भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारले. त्यांनी सांगितले ते असे. रदरफर्डने १९११ साली अणूचे जे चित्र मांडले, त्यात केंद्रकाभोवती फिरणारे इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत गमावत केंद्रकात कोसळायला हवेत. पण अणू कोसळत नाहीत, तेव्हा ते चित्र अपुरे आहे. १९१३ साली बोरने त्यातून वाट काढली. पुस्तकात ‘अणू स्थिर असतात’ हे म्हणणे या प्रकरणात येते. इथे ‘स्थिर’ म्हणजे ‘इलेक्ट्रॉन आत न कोसळणारा’. केंद्रक फुटते की नाही, हा तिथे विषयच नाही. म्हणजे त्या पानावर, त्या परिच्छेदात, ते वाक्य समजण्याजोगे होते. परीक्षेने ते संदर्भातून उचलून उघड्यावर ठेवले आणि मग ते चुकले. आवृत्ती सुधारणाऱ्याने ‘बहुतेक’ करून चूक होण्याची वाटच बंद केली, हे त्याचे शहाणपण.

आमच्या पिढीच्या मराठीच्या पेपरात ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ नावाचा एक प्रश्न असे. ओळ कोठली, कोण कोणास म्हणाले, केव्हा, आणि म्हणून तिचा अर्थ काय. मुलांना त्याचा कंटाळा येई. आज वाटते, या अणूच्या प्रश्नाला खरी गरज होती ती संदर्भासह स्पष्टीकरणाची. ‘दोन्ही बरोबर’ म्हणणाऱ्याकडे कारण होते, ‘दुसरे चूक’ म्हणणाऱ्याकडेही कारण होते, आणि दोन्ही कारणे समोरासमोर ठेवली असती तर तिसरीच, दोघांनाही न सुचलेली गोष्ट हाती आली असती, ती म्हणजे ‘स्थिर’ या शब्दाचे दोन अर्थ. ओएमआर कागदावर चार गोल असतात. ‘काबर’साठी पाचवा गोल नाही. लाखो मुलांची परीक्षा एका दिवसात तपासायची तर तो असूही शकत नाही, हे आम्हांला कळते. म्हणूनच त्या पाचव्या गोलाची जागा फाटकाबाहेर असते, आणि तिथून मुलांना पांगवणे म्हणजे ती उरलीसुरली जागाही काढून घेणे.

ही जागा तशीही आकसत चालली आहे. आम्ही बारावीला होतो तेव्हा, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, पेपर ताडून पाहणे म्हणजे ‘तू सिद्धता कशी केलीस, आकृती कोणती काढलीस’ हे सांगणे असे. एकाची रीत दुसऱ्याला सुचलेली नसे. आता राज्याच्या सीईटीत तेही उरलेले नाही. २०१९ पासून ती संगणकावर, अनेक सत्रांत होऊ लागली, धुळ्यातल्या एकाच गल्लीतल्या दोघांना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे पेपर आले, आणि शेवटी हाती आला तो पर्सेंटाइल. ताडायचे तरी काय? नीटची प्रश्नपुस्तिका मुलांना घरी नेता येते, म्हणून तिथे अजून बोलणे होते. परंतु तिथेही फाटकाबाहेर पुस्तिकेची छायाचित्रे घ्यायला माणसे उभी असतात, आणि रात्र पडायच्या आत शिकवणी वर्गांच्या उत्तरसूच्या मोबाइलवर येऊन पडतात. मुले घोळक्यातच उभी असतात, माना मात्र खाली. बरोबर, बरोबर, चूक, बरोबर. शेवटी एक आकडा. आता मुले एकमेकांना ‘काय उनं?’ विचारत नाहीत, ‘किती ऊनात?’ विचारतात.

आमच्या मते सगळा भेद इथे आहे. उत्तरे ताडणे आणि गुण ताडणे या दोन गोष्टी आपण एकच समजून बसलो आहोत. मन खचते ते गुण ताडल्याने. जिन्यात बसून राहिलेली ती मुले ‘मला हे कळले नव्हते’ म्हणून खचलेली नव्हती, ‘चार गुण गेले’ म्हणून खचलेली होती. यावर कोणी म्हणेल, की जिथे एका गुणामागे क्रम शेकड्यांनी घसरतो तिथे हा भेद पुस्तकी आहे. ज्याच्या बापाने शेत गहाण टाकून मुलाला लातूरला किंवा कोट्याला ठेवले आहे, त्याने ‘स्थिर’चे दोन अर्थ घेऊन काय करावे? या आक्षेपाला आमच्याकडे पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणू शकतो, की ज्या मुलाचा प्रवेश हुकतो, आणि बहुसंख्यांचा हुकतोच, त्याच्या हाती त्या दोन वर्षांतून दुसरे काय उरते? आकडा तर निरुपयोगी झालेला असतो. काही कळले असेल तर तेवढेच त्याचे.

भाषेचा मुद्दा यातच येतो. नीट मराठीतूनही देता येते. तशी पुस्तिका द्विभाषिक असते, आणि अनुवादात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मराठीतून घेता येते, गणित मात्र इंग्रजीतच. साक्री-नवापूरकडच्या जिल्हा परिषद शाळेतून आलेले पोर अकरावीत एकदम इंग्रजी विज्ञानात पडते. ते शब्द ओळखते, पण त्या शब्दांशी भांडत नाही. भांडण आपल्या भाषेतच होते. ‘युरेनियम ते फुटस ना’ हे वाक्य कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, आणि तरी ते शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आहे. अहिराणीत विज्ञान बोलले जाते ते एवढ्या एकाच ठिकाणी, फाटकाबाहेर. आमच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या त्या आसोद्याच्या कवयित्रीची सारी थोरवी पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘हे असे का’ विचारण्यात आहे. नाव दिले, ते विचारणे कुठे ठेवले?

दुसऱ्यांना बोल लावण्यापूर्वी स्वतःचा एक प्रसंग सांगायला हवा. आमच्यापैकी धुळेकराने काही वर्षांपूर्वी घटक चाचणीत वस्तुनिष्ठ प्रश्न घातले होते. एका ओळीतला अलंकार ओळखायचा होता, आणि ओळीत ‘जणू’ असल्याने उत्तरसूचीत उत्प्रेक्षा होती. एक मुलगी पेपर घेऊन आली आणि म्हणाली, ‘सर, शब्द जणू आहे, पण अर्थ तर सारखेपणाचाच आहे. मग उपमा काबर नाही?’ शिपाई पुढचे गठ्ठे घेऊन उभा होता. ‘सूचीत जे आहे ते बरोबर,’ असे सांगून तिला परत पाठवले. रात्री ओळ पुन्हा वाचली तेव्हा तिच्या म्हणण्यात तथ्य दिसले. दुसऱ्या दिवशी गुण दिला, पण चारचौघांत नव्हे, गुपचूप यादीत दुरुस्ती करून. ती पुन्हा कधी काही विचारायला आली नाही. तिला गुण हवा होता असे आम्ही समजलो, इथेच आमची चूक झाली.

म्हणून एक लहानशी गोष्ट सुचवतो. तिला शासन निर्णयाची गरज नाही. कनिष्ठ महाविद्यालयात चाचण्या दर आठवड्याला होतात. चाचणीनंतरचा एक तास, उत्तरसूची न वाटता आणि गुण न सांगता, मुलांना द्यावा. निरनिराळी उत्तरे दिलेल्या दोघा-दोघांना समोरासमोर बसवावे, आणि ‘काय’ नव्हे, ‘काबर’ विचारायला सांगावे. भाषा कोणतीही चालेल. शेवटची दहा मिनिटे शिक्षकाने बोलावे, आणि सूची चुकली असेल तर फळ्यासमोर उभे राहून तसे सांगावे. धुळ्याला आम्ही मराठीच्या वर्गात हे दोन वर्षे करून पाहिले आहे. अभ्यासक्रम थोडा मागे पडतो, गलका फार होतो, शेजारच्या वर्गातून तक्रार येते. विज्ञानाच्या एका सहकाऱ्याने यंदा करून पाहीन म्हटले आहे. तो म्हणतो, तासांचे गणित बसले तर.

भाची सध्या जळगावातच बी.एस्सी. करते. विषय भौतिकशास्त्र. तो प्रश्न निघाला की अजून तिचा चेहरा उतरतो. मध्यंतरी मात्र तिने मामालाच विचारले, त्या दिवशी ती पारोळ्याची मुलगी पुढे काय म्हणणार होती, ऐकले होते का? मामाने ऐकले नव्हते. पुढच्या परीक्षेला आम्ही व्हरांड्यात उभे असू, तेव्हा निदान ‘चला घरी’ म्हणणार नाही.